देवक वेगळं, आतडं एकच

"घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का?" पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं आणि आई, बाबा, आत्या तिघांनी एका सुरात सांगितलं, "नाय." आमच्या घरी आरतीलासुद्धा एवढा सूर लागत नाही. डॉक्टरांनी कागदावरच्या त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. मी तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. तिघंही धादांत खोटं बोलत होते, आणि तिघांनाही भिंतीवरचं कॅलेंडर अचानक फार वाचनीय वाटायला लागलं होतं.

त्यातही कमाल आत्याची. ती रोह्याहून खास माझ्यासाठी आली होती. दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या तिने डॉक्टर कुठे बसतात ते विचारलं नव्हतं, संडास कुठे आहे ते विचारलं होतं. तिथून ती बाहेर आली, पदराला हात पुसले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि "नाय" म्हणाली.

मी पेणच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त, लघवी आणि शौच तपासणं हे माझं रोजचं काम. पेणमधली अर्धी माणसं मला चेहऱ्याने ओळखतात आणि मी त्यांना आतून ओळखते. बाजारात भेटलं की माणसं माझी नजर टाळतात, कारण आदल्याच दिवशी त्यांनी मला ती डबी दिलेली असते. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणतं, कुणी तीन पिशव्यांत घालून. एक आजी तर डबीवर धुतलेला रुमाल टाकून दोन्ही हातांत धरून आल्या होत्या. मला क्षणभर वाटलं, खरवस आणला.

तर अशा माझ्याच शौचातून रक्त पडायला लागलं. दिवसाला सहा वेळा, सात वेळा. पंधरा दिवस मी मूळव्याध म्हणून अंगावर काढलं आणि मग एका सकाळी माझं सॅम्पल मीच तपासायला घेतलं, नाव न टाकता. स्लाइड लॅबच्या सरांना दाखवली. सर म्हणाले, "या बाईला ताबडतोब पनवेलला पाठवा, पोटाच्या स्पेशालिस्टकडे." मी म्हटलं, "पाठवते सर, पण ती बाई उद्याची सुट्टी मागतेय."

पनवेलला दुर्बीण झाली. त्याच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं खारट पाणी प्यावं लागतं, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ज्यांनी प्यायलंय त्यांना सांगायला नको. निदान झालं अल्सरेटिव्ह कोलायटिस. डॉक्टर तरुण होते आणि नीट समजावून सांगणारे होते. म्हणाले, शरीराची जी राखण करणारी यंत्रणा असते, तीच चुकून आपल्या मोठ्या आतड्यावर उलटते. आतून व्रण पडतात. का पडतात त्याचं एक उत्तर नाही. जनुकांचा हात असतो, पण एका जनुकाचा नाही, पुष्कळांचा थोडा थोडा. मग आतड्यातले जंतू, खाणंपिणं, बाहेरचं आणखी काहीबाही त्याला येऊन मिळतं. "म्हणून घरातल्यांचं विचारतो," ते म्हणाले. "घरात असलं म्हणजे होतंच असं नाही. पण माहीत असलं तर वेळेवर ओळखता येतं."

आणि त्यावर आमचं ते तीन आवाजी "नाय".

परत येताना एसटीत मी तोंड सोडलं. तोंडाळ मी लहानपणापासूनच. "आजोबांचं काय?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "त्यांना आमांश व्हता." आमांश, आणि तो चाळीस वर्षं. माणूस वाळून काठी झाला, तरी आमांशच. "आणि डोलवीला आहेत ते काका? प्लांटमध्ये कुठलंही काम देत असले तरी आधी संडास किती लांब ते बघून हो म्हणतात, त्यांचं काय?" तर म्हणे, त्याला कंपनीचं पाणी बाधतं. "आणि आत्या, तू? गेल्या दहा वर्षांत तू एका तरी लग्नात पंगतीला शेवटपर्यंत बसलीस का?" आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाल सोसत नाय गो." आमच्या रायगडात वालाइतकं सोशिक कडधान्य दुसरं नसेल. तीन पिढ्यांचं रक्त पडलं आणि सगळा आळ त्या बिचाऱ्या वालाच्या बिरड्यावर.

आमच्या घराण्यात या सगळ्याला एक नाव होतं, "आमचं पोट जरा नाजूक." जशी कुणाच्या घरी उंची असते, कुणाच्या घरी गळा असतो, तसं आमच्या घरी नाजूक पोट. बोलायचं नाही, डॉक्टरला तर मुळीच सांगायचं नाही.

पेणला उतरल्यावर आत्याने खरं कारण सांगितलं. रोह्याचं एक स्थळ तिने माझ्यासाठी बघून ठेवलं होतं. मुलगा धाटावला एका कंपनीत केमिस्ट, शिफ्टची नोकरी, रोह्याबाहेर स्वतःची शेती. "घराण्यात रोग हाय असं डॉक्टरच्या कागदावर चढलं की गावभर झालं," ती म्हणाली. "लग्न होऊ दे, मग सांग सावकाश."

"तू कधी सांगितलंस तुझ्या घरी?"

"ह्यांना अजून म्हायत नाय," आत्या म्हणाली. तिच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती.

मी हसले. खरं तर रडायला हवं होतं, पण तो चेहरा बघून मला हसू आवरेना, आणि मग तिलाही आवरेना. स्टॅंडवर आम्ही दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून हसत राहिलो आणि मग ती एकदम गंभीर होऊन म्हणाली, "बास, जास्त हसायचं नाय, मला सोसत नाय."

मला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त थांबलं, भूक आली आणि महिन्याभरात माझे गाल पुरणपोळीसारखे फुगले. अशा त्या गालांनिशी मी रोह्याला आत्याच्या घरी दाखवायला बसले. मुलाच्या आईंनी मला एकदा वरून खालपर्यंत बघितलं आणि आत्याला म्हणाल्या, "पोरगी तब्येतीने चांगली हाय. हल्लीच्या पोरी काय, नुसत्या फुंकरीने उडतील." आत्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू ते गाल तिनेच घडवले होते.

आम्हाला बोलायला म्हणून मागच्या गॅलरीत बसवलं. मुलगा काळासावळा, उंच, बोलायच्या आधी हसणारा. मी ठरवून आले होते, पहिल्याच वाक्याला सांगून टाकायचं. पण त्याने विचारलं, "लॅबमध्ये सगळ्यात वाईट काय असतं?" आणि मी त्याला खरवसाची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की खुर्ची मागे कलंडली आणि त्याचं डोकं तुळशीच्या कुंडीला लागलं. मग तो डोकं चोळत सांगायला लागला, की त्याला गाडी चालवायला फार आवडते, आणि आईला तो कुठेही मोटारसायकलवरच नेतो, एसटीने नाही. "का?" मी विचारलं. "मोटारसायकल पाहिजे तिथे थांबवता येते," तो म्हणाला. "आईला ॲसिडिटी हाय."

मी लॅबमधली, तरी माझ्या डोक्यात काही चमकलं नाही. मी त्याच्या दातांकडे बघत होते. तो मला आवडला, अगदी पहिल्या पंधरा मिनिटांत, लाज सोडून आवडला. आणि म्हणूनच माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. जोवर तो आवडला नव्हता तोवर सांगणं सोपं होतं.

मग दोन्हीकडच्या मोठ्यांनी तपास सुरू केला. आमच्याकडे लग्न ठरवताना पोलिसांना लाजवेल असा तपास होतो. देवक विचारलं, कारण देवक एक निघालं तर ती भाऊबंदकी, सोयरीक होत नाही. ते वेगळं निघालं. मुलीचं आजोळ, मुलाचं आजोळ, कुलदैवत, मूळ गाव. पत्रिका बघितली. नाड एक असली तर संततीला त्रास म्हणतात, तर नाडही वेगळी. भटजींनी म्हणे मान डोलवली आणि सांगितलं, डोळे झाकून करा. सात पिढ्या उलटसुलट तपासून झाल्या, पण कुणी कुणाला एवढं विचारलं नाही, की बाबांनो, तुमची पोटं कशी आहेत?

सुपारी फोडायचा गुरुवार ठरला. त्याच्या आदल्या रविवारी मुलाकडच्यांनी आम्हाला शेतावर पोपटीला बोलावलं. मी आईला सांगून टाकलं, "सुपारीच्या आधी मी सांगणार. मोडलं तर मोडलं." आई म्हणाली, "तुझं तोंड मी काय शिवून टाकू?" म्हणजे तिची परवानगी होती. पण मोडलं तर मोडलं हे मी नुसतं म्हटलं होतं. तोवर आमचे फोन रोज तास तास चालत होते, आणि मोडलं तर मी काय करीन ते मला ठाऊक नव्हतं.

पोपटी म्हणजे थंडीतला आमचा सण, पंचांगात नसलेला. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा भरायचा, तोंड पाल्याने बंद करून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा नि सुक्या झावळ्या पेटवायच्या. दुपार उलटून गेली होती. त्याचे बाबा मडक्यावर पाण्याचे थेंब उडवून बघत होते, थेंब चर्र करून लगेच सुकला की झालं. आमचे बाबा बाजूला उभे राहून तज्ज्ञासारखे सल्ले देत होते, दोन्ही आया गोधडीवर बसून शेंगांच्या भावावर बोलत होत्या. तो माझ्याकडे बघून हसत होता, मी त्याच्याकडे बघून हसत होते. आणि नेमकं तेव्हा माझ्या पोटाने हाक मारली.

गोळ्यांचा डोस त्याच आठवड्यात कमी केला होता. माझ्या पोटाला मुहूर्त कळत नाही.

शेतघराच्या मागे पत्र्याच्या दाराचा एक संडास होता, तो मी आल्या आल्या हेरून ठेवला होता. आमच्यासारखी माणसं कुठेही गेली की आधी ते बघतात. मी उठले आणि चालत निघाले. पळावंसं वाटत होतं, पण सोयरीक ठरायच्या आधी मुलीने पळू नये. घराला वळसा घातला तर दारासमोर आत्या उभी.

"तू इथे काय करतेस?" मी विचारलं.

"वाल बघायला आले," आत्या म्हणाली. वालाचं शेत घराच्या पुढच्या बाजूला होतं आणि आत्याच्या हातात टमरेल होतं.

मला हसू फुटलं. "हसू नको गो," ती दातओठ खात म्हणाली, "हसलीस तर दोघी मेलो." म्हणून तर आणखी हसू यायला लागलं. आत कुणीतरी होतं. आत्याने दारावर बोटाने टकटक केली. आतून आवाज आला, "आले, आले." पण दार काही उघडेना. आम्ही दोघी पायाला पाय अडकवून उभ्या राहिलो, एकमेकींकडे न बघता, कारण बघितलं की हसू आणि हसलं की अनर्थ.

दार उघडलं. कपाळावरचा घाम पुसत त्याची आई बाहेर आली. मी मडक्याजवळून उठले, त्याच्या आधीच कधीतरी त्या गोधडीवरून गुपचूप निघून आल्या असाव्यात. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आमच्या पायांकडे बघितलं, आणि काही न विचारता दारातून बाजूला झाल्या.

"तू जा," आत्या मला म्हणाली.

"नाही, तू मोठी, तू जा."

"अगो, आज मान तुझा."

"इथे मानपान नको," त्याची आई शांतपणे म्हणाली. "जिला जास्त घाई तिने आधी जायचं." हा नियम ज्याने भोगलंय तोच करू शकतो. मी आत गेले.

बाहेर आले तर आत्या बाणासारखी आत घुसली. त्याची आई हौदाजवळ माझ्यासाठी साबण धरून उभी होती. मी हात धुतले. आता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हटलं आणि सुरू झाले.

"काकू, मला तुम्हाला सांगायचंय. मला मोठ्या आतड्याचा आजार आहे. औषधाने आटोक्यात राहतो, पण जन्मभराचा आहे. माझ्या आजोबांना असणार, काकांना असणार. आणि हे गाल माझे नाहीत, गोळ्यांचे आहेत."

त्या माझ्या गालांकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "रक्त पडतं?"

"हो."

"शेंब बी?"

"हो."

"किती वर्षं?"

"चार महिने."

"माझी वीस झाली," त्या म्हणाल्या.

"माझी तीस," संडासातून आत्या म्हणाली.

तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. आधी काकू हसल्या. मग मी हसले. मग पत्र्याच्या दाराआडून आत्याचं हसणं आणि तिचं "नको गो, नको गो" ऐकू आलं आणि आम्ही दोघी हौदाच्या कडेला बसूनच गेलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुलाकडची आणि मुलीकडची माणसं इतकी मनापासून एकत्र हसलेली मी त्याआधी कुठल्याच लग्नात बघितली नव्हती. देवक वेगळं, नाड वेगळी, आतडं मात्र एकच निघालं. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

पण डोळे पुसता पुसता काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मला तू आवडलीस गो," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तोंडावर सांगते. माझ्या आईला हेच व्हतं. मला हाय. आता तुझ्याकडून बी आलं तर माझ्या पोराच्या पोरांना दोन्ही बाजूंनी येणार. मी वीस वर्षं कशी काढली ते मला म्हायत. कुठे जायचं नाय, कुणाकडे जेवायचं नाय. नातवंडांना मी हे नाय देणार."

त्यांच्यावर रागवायला काही जागाच नव्हती. मला नावं ठेवली असती तर मी भांडले असते, त्यात मी कुणाला ऐकत नाही. पण त्या रडत होत्या. आम्ही पोपटीला परत आलो. मडकं उघडलं होतं, वाफ येत होती, सगळे शेंगा सोलून खात होते. तो माझ्यासाठी एक अंडं फुंकून फुंकून थंड करत होता. ते मी खाल्लं आणि मला त्याची चव कळली नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, गुरुवारचं राहू दे, पुढे बघू. पुढे बघू म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्या संध्याकाळी मी त्याला फोन करून सगळं सांगितलं, माझं, आत्याचं, त्याच्या आईचं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे आईला ॲसिडिटी नाय?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मी तिला शंभर वेळा गाडीवरून उतरवलं, आणि एकदाही विचारलं नाय." आणि त्याने फोन ठेवला. मी उशीत तोंड खुपसून यथेच्छ रडले. मला तोच हवा होता, दुसरा कुणी नको होता, आणि मधे माझं आतडं आडवं आलं होतं.

चार दिवस त्याचा फोन नाही. पाचव्या दिवशी सकाळी लॅबच्या काउंटरवर कुणीतरी पेढ्यांचं खोकं ठेवलं. मी मान वर केली तर तो. नाइट शिफ्ट करून तसाच पेणला आला होता, डोळे लाल.

"काय हे?" मी विचारलं.  पेढे म्हणजे दुसरीकडे ठरलं की काय?

"उघड," तो म्हणाला.

आत डबी होती.

"आईची हाय," तो म्हणाला. "ती द्यायला तयार नव्हती. मी म्हटलं, नाय म्हणायचं तर रिपोर्ट बघून म्हण. मी पण केमिस्ट हाय, तपासल्याशिवाय माल परत पाठवत नाय."

लग्नाआधी सासूची परीक्षा अनेक मुली घेत असतील, पण माझ्यासारखी मायक्रोस्कोपखाली कुणी घेतली नसेल. मी स्लाइड लावली. माझ्या स्लाइडवर होतं तेच तिथे होतं. तो काउंटरला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. मी त्याला हलवून जागं केलं आणि रिपोर्ट हातात दिला. मग त्याच्या मागे लॅबच्या पायऱ्यांपर्यंत गेले आणि एवढंच म्हटलं, "पेढे खरे आण आता." तो हसला. त्या हसण्यावर मी आठवडाभर उडत होते.

रिपोर्ट घेऊन रोह्याला कोण जाणार, हा प्रश्न होता. बाबा म्हणाले, "मी जातो." बाबा गणपतीच्या कारखान्यात साचे काढतात, त्यात त्यांचा जन्म गेला. मितभाषी माणूस. मीही त्यांच्याबरोबर गेले. काकूंच्या समोर बसल्यावर त्यांनी आधी दोन्ही हात जोडले.

"मी डॉक्टरसमोर खोटं बोललो," बाबा म्हणाले. "माझ्या बापाला व्हतं, भावाला हाय, बहिणीला हाय. पोरीचं लग्न मोडंल म्हणून नाय म्हणालो. त्यात तिचं नुकसान व्हतं ते माझ्या डोक्यात नाय आलं."

काकूंनी पाण्याचा तांब्या बाबांपुढे सरकवला.

"आता माझ्या कामातलं सांगतो," बाबा म्हणाले. "एका साच्यातून मी ढीगभर मूर्ती काढतो. साच्यात दोष असला तर भेग जायची शक्यता वाढते, हे खरं. पण सगळ्यांना जात नाय. माती कशी मळली, पाणी किती, सुकायला कुठे ठेवली, त्यावर बी असतं. माझाच साचा बघा. मला हे नाय, माझ्या पोरीला हाय. आणि भेग लवकर दिसली ना, तर बुजवता येते. लपवून रंग दिला की मग मूर्ती हातात फुटते."

माझे बाबा एवढं सलग बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होते. काकूंनी पदराने चेहरा पुसला. "सोयरिकीचं मी काय बोलत नाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे मात्र येते."

पनवेलला पहिल्या खेपेला मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का?" आणि काकू म्हणाल्या, "नाय." वीस वर्षांची सवय. मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि तो रकाना तसाच ठेवला. दुर्बिणीची तारीख दिली. ते खारट पाणी त्यांना प्यायला लावायला मी आदल्या दिवशी रोह्याला जाऊन बसले, घड्याळ लावून पेल्यामागून पेले भरत होते. त्या मला शिव्या देत पीत होत्या. मध्येच म्हणाल्या, "सासू असते तर तुला घराबाहेर काढलं असतं." मी म्हटलं, "आधी घरात तर घ्या." त्यांनी पुढचा पेला एका दमात पिऊन टाकला.

रिपोर्टसाठी आम्ही पुन्हा गेलो. तो बाहेर गाडीजवळ थांबला, आम्ही दोघी आत बसलो. डॉक्टर म्हणाले, माझ्यासारखंच आहे. इतकी वर्षं अंगावर काढल्यामुळे भीती होती ती कॅन्सरची, पण तसलं काही सापडलं नाही. औषध लगेच सुरू करायचं आणि ठरलेल्या वेळी पुन्हा तपासत राहायचं. काकूंनी लांब श्वास सोडला. मग त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"डॉक्टर, आईकडून आणि आजीकडून, दोन्हीकडून आलं तर नातवंडांना होणारच ना?"

डॉक्टर म्हणाले, "होणारच असं नाही. धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे मी लपवणार नाही, आणि दोन्हीकडे असलं तर आणखी वाढतो. तरी बहुतेक मुलांना होत नाही. आणि झालंच तर त्यांना वीस वर्षं ॲसिडिटी म्हणून काढावी लागणार नाहीत. घरात ओळखणारी दोन माणसं असतील."

काकूंनी पदराचं टोक बोटावरून सोडवलं आणि पुन्हा गुंडाळलं. मी कॅलेंडरकडे बघायला लागले, आणि पहिल्यांदा मला कळलं, की माझे आईबाबा त्या दिवशी कॅलेंडरकडे का बघत होते. 

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "मागच्या वेळी घरच्यांचं राहिलं होतं," ते म्हणाले. "आणखी कुणाला आहे?"

"माझ्या आईला व्हतं," काकू म्हणाल्या. "मधल्या मावशीला बी असावं." त्या थांबल्या. मग माझ्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. "आणि माझ्या सुनेला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "सुनेचं यात धरत नाहीत," ते म्हणाले. "रक्ताच्या नात्यातलंच लिहितात."

"तुम्ही घरात कुणाला म्हणून विचारलंत ना?" काकू म्हणाल्या. "मग धरा. लिवा तिचं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी हसत होते आणि नाक वाहत होतं. त्यांनी खाली मान घातली आणि त्या रकान्यात, मावशीच्या खाली, लिहिलं, सून.